सातव्या पानावरचा रुमाल

"रुमालाने काहीही अडत नाही," डॉ. अवंतिका म्हणाल्या. "चांदीच्या जोडकामाची वाफ ओल्या कापडातूनही थेट फुप्फुसात जाते. ओला रुमाल बांधा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या त्या कारागिराच्या हातात निळा रुमाल होता. तो पुरावा असल्यासारखा त्यांनी अजून वर धरला होता. मी प्रोजेक्टरच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात उभा होतो. ते कारागीर माझे वडील होते, आमचे आण्णा. सभागृहात हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

आमची संस्था कोल्हापुरातल्या एका खाजगी देणगीवर चालते. परदेशी नियतकालिकांतले वैद्यकीय संशोधन सोप्या मराठीत आणायचे, त्याच्या पुस्तिका गावोगाव वाटायच्या, व्याख्याने भरवायची, हे तिचे काम. त्यातले 'सोप्या मराठीत' एवढे माझ्याकडे असते. मी हुपरीचा, पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्याचा मुलगा, हे तिथे मी कधी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काय आहे त्यात, असे मी स्वतःला समजावीत असे. त्या दिवशी आण्णा दारातून आत आले, मला पाहून हसले, आणि मी प्रोजेक्टरची वायर सरळ करू लागलो. ते पुढे जाऊन बसले.

चांदीच्या जोडकामावरची आमची पुस्तिका दोन वर्षांपूर्वीची. अवंतिका मॅडमनी तपासलेल्या मसुद्यात रसायनाची वाफ शोषणाऱ्या मास्कचे लांबलचक वर्णन होते. ते मला बोजड वाटले. हुपरीत असला मास्क कोण आणणार, असेही वाटले. छपाईला देण्याच्या सकाळी मी ते खोडून लिहिले : 'काम करताना तोंडाला ओला रुमाल बांधावा.' वाक्य छोटे होते, कानाला गोड होते. मी पुन्हा कुणाला दाखवले नाही. छपाईआधी मजकूर त्या धंद्यातल्या एका माणसाला वाचून दाखवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. तो मी मसुदा असतानाच घरी जाऊन पाळला होता. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ब्येस लिवलंईस." तेव्हा त्यात मास्क होता. छापून आल्यावर रुमाल होता, आणि आण्णांनी छापलेले खरे मानले. दोन वर्षे रोज सकाळी ते रुमाल भिजवून जोडकामाच्या बत्तीपुढे बसत आले होते.

"सांगा ना काका, कुणी सांगितलं?" मॅडमनी पुन्हा विचारले.

आण्णांची नजर एकदा माझ्यापर्यंत आली आणि परत गेली.

"कुणी न्हाय, मॅडम. आपलं ऐकीव."

"ऐकीव?" शेजारचे गृहस्थ उसळले. रेंदाळचे बाळासो, सकाळच्या एसटीत दोघांची ओळख झाली होती. "ओ पावणं, गाडीत तर म्हंत हुतासा, पुस्तकात लिवलंय म्हून! तुमच्या पोरानं—"

"मला कुठं वाचाय येतंय?" आण्णा मोठ्याने म्हणाले. "अंगठाबहाद्दर मानूस मी. कायतरी चुकीचं ध्येनात ऱ्हायलं आसंल."

"मग गाडीत कशाला एवढी ऐट मारली?"

सभागृह हसले. आण्णाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. तारेची तुटकी टोके वाकवून मला अ, आ, इ शिकवणाऱ्या त्या माणसाकडे मी पाहत राहिलो. माझ्या हातांनी पुढची स्लाइड लावली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितले, सातव्या पानावर चूक आहे. "कुणाकडून झाली?" त्यांनी विचारले. "छपाईत," मी म्हणालो. त्यांनी लगेच दुरुस्तीची पट्टी छापून घेतली आणि मास्क वाटायचे ठरवले. उरलेल्या प्रतींवर ती पट्टी मीच चिकटवीत बसलो. प्रत्येक प्रतीत तेच वाक्य झाकायचे होते. ते तेवढेच गोड होते.

रविवारी एक मास्क आणि एक पट्टी घेऊन हुपरीला गेलो. आण्णा बत्तीपुढे बसले होते, तोंडाला काहीच न बांधता. समोरच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातवे पान लावलेले होते. त्याच्या चारी कडांना बारीक तारेची गुंफण होती. पुस्तिकेच्या मागच्या पानावरचे माझे नाव त्यांनी कापून खाली चिकटवले होते.

"आण्णा, मी मॅडमना अजून खरं—"

"ठावं हाय," ते म्हणाले. "पट्टी आणलीस न्हवं? चिकटव की."

मी पिशवीतून पान काढले. पट्टी तिरकी बसली. आण्णा उठले, त्यांनी आपल्या काळ्या अंगठ्याने तिचा कोपरा दाबून धरला.

"नाव झाकू नगंस," ते म्हणाले. "तेवढं बरोबर छापलंय."

मग त्यांनी मास्क चढवला आणि पट्टे ओढून घेतले. निळा रुमाल झटकून, नीट चौघडी करून कोनाड्यात ठेवला. बत्ती पेटली. एकेक कडी जोडली जाऊ लागली, आणि मास्कच्या आतून त्यांचा खोकला ऐकू येत राहिला. पूर्वीपेक्षा थोडा दूरचा.