टाचणीची परीक्षा

आमचं घर म्हणजे पुढे शिवणयंत्र, मागे स्वयंपाक आणि मधे लुडबुडणारी आमची ठमी. वय वर्षं तीन. खाणार फक्त पांढरं: भात, साखर, बटाटा. ताटात हिरवं पान दिसलं की तोंडाला कुलूप.

उजेड मावळला की ही बाई जागच्या जागी फतकल मारायची. "उचल," एवढंच. नाही उचललं तर भिंत चाचपत, स्टुलाला धडकत यायची.

"लाड, दुसरं काय," सासूबाई म्हणायच्या. "महाराणींना पालखी हवी."

मला मात्र तो चाचपणारा हात बघवेना. नवऱ्याला म्हटलं, "अहो, हिला दिसत नसेल का?"

ते शिंपी. त्यांच्याकडे नजरेची परीक्षा एकच. भर दुपारी त्यांनी चिंध्यांच्या ढिगात टाचणी टाकली. ठमीनं ती चिमटीत धरून आणून दिली.

"घार आहे घार. चष्मा तूच लावून घे."

त्याच संध्याकाळी ठमी "आई" म्हणत गेली आणि सासूबाईंच्या पायांना बिलगली. मी होते दुसऱ्या कोपऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, चपला घाल. दवाखान्यात जाऊ."

हेही बरोबर आले आणि तिथे यांनी टाचणीची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. डॉक्टरीणबाईंनी ती पुरती ऐकून घेतली.

"छान. अंधार पडल्यावर टाकून पाहिलीत?"

हे गळ्यातली टेप गुंडाळायला लागले.

"रातांधळेपणा आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलंय. अजून उशीर झाला असता तर बुबुळ कोरडं पडून नजर कायमची गेली असती." त्यांनी तिथेच औषध पाजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. "आणि आता पालेभाजी, गाजर, भोपळा, अंडं. वर थोडं तेल."

"ती पांढरंच खाते हो," सासूबाई म्हणाल्या.

"मग भातात लपवा."

लपवलं. औषध झालं. तरी रोज दिवेलागणीला मी तिचीच पावलं बघत राहायचे.

मग एका संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, मी फडताळाआड उभी राहून गुपचूप बिस्कीट खात होते. आईपणात एवढंच काय ते आपलं स्वतःचं. ठमी दारात आली. मी श्वास रोखला आणि बिस्कीट लांब धरलं. ती स्टुलाला वळसा घालून, बादली ओलांडून सरळ आली आणि तिनं माझ्या हातातून बिस्कीट काढून घेतलं.

"माझं."

मी दुसरं काढून उंच धरलं. तेही गेलं.

सासूबाई दारात आल्या. "जेवायच्या वेळेला बिस्किटं देतेस?" मग नातीकडे बघत राहिल्या.

"डबा इकडे आण," त्या हळूच म्हणाल्या, "आता माझ्या हातात दे एक."