पलंगासमोरची निओबी

मित्रांनो, मी फोटो आहे, आणि तोही पुतळ्याचा. १९२० च्या सुमारास इटलीतल्या एका बागेत मला काढलं. समोर संगमरवरी निओबी होती, ग्रीक कथेतली राणी. चौदा मुलं असल्याचा तोरा तिने एका देवीपुढे मिरवला, म्हणून त्या देवीच्या मुलांनी तिची लेकरं बाणांनी टिपली. त्या घटकेला धाकटी तेवढी उरली होती. तिला निओबी पदराखाली ओढून घेते आहे, तो क्षण माझ्यावर आहे. पुढे अमेरिकेतल्या एका प्रोफेसरीणबाईंच्या दिवाणखान्यात माझं फार कौतुक झालं. मग वीस वर्षं मी त्यांच्याच गराजमध्ये धूळ खाल्ली.

१९८४ साली, तिथल्याच सांता क्लारा गावात, त्या गराजमधलं जुनं सामान विकायला काढलं, त्या गराज सेलमध्ये नरेंद्रने मला उचललं. आईलेकीचा फोटो, एवढंच त्याला दिसलं. त्याच्या बायकोला, मृणालिनीला, दिवस गेले होते. आधीचं मूल पाचव्या महिन्यात गेलेलं, म्हणून तिची आई या खेपेला नागपूरहून लवकरच येऊन राहिली होती. मला बघताच त्या म्हणाल्या, "गरोदर बाईच्या डोळ्यांसमोर चांगलं चित्र असावं. हाच लावा पलंगासमोर." झालं! फोटोला कोण विचारतो?

पाचवा महिना सुखरूप सरला, सहावाही. सातव्यात नरेंद्रचा मित्र अनिल घरी आला आणि मला पाहून चपापला.

"यार, ही निओबी! हिची सगळी मुलं मरतात. बेडरूममध्ये कसली लावतोस?"

नरेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. अनिल गेल्यावर त्याने मला उतरवून कपाटामागे सारलं आणि बायकोला सांगितलं, "खिळा लूज झाला होता."

मृणालिनी पोट सावरत उठली आणि तिने मला ओढून बाहेर काढलं.

"मला माहितीये सगळं. फोटोमागचं नाव बघून चौथ्या महिन्यातच लायब्ररीत जाऊन स्टोरी वाचली."

"अगं, मग रोज बघत काय बसतेस?"

"ह्या फोटोत ती मुलगी जिवंत आहे, नरेंद्र. आईनं तिला अजून सोडलेलं नाही. मला तेवढंच बघायचं असतं."

नरेंद्र खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने मला पुन्हा जागेवर लावलं.

नोव्हेंबरात मुलगी झाली, धडधाकट. श्रेय डॉक्टरांचं, माझं काही नाही. पण मित्रांनो, घरातला एखादा जुना फोटो उतरवायची वेळ आली, तर रोज त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाला आधी विचारा, तुला यात काय दिसतं?