सलाईनच्या नळीला बांधलेला पेन

मी पेन बोलतोय. सलाईनच्या नळीला बांधलेला. हसू नका! कडेगावच्या स्टँडसमोर क्रांतीताईंचं मेडिकल आहे, तिथल्या काउंटरवर माझा मुक्काम. माझ्याआधीचे चार पेन गिऱ्हाइकांच्या खिशात बसून गावोगाव गेले. मग ताईंनी एक कोरी नळी घेतली, एक टोक माझ्या मानेला बांधलं, दुसरं खिळ्याला. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात कडक बंदोबस्तात!

जन्माचं फारसं आठवत नाही. पाकिटातून निघालो तेव्हा आम्ही दहा भाऊ होतो, सगळे निळे.

माझं काम एका वहीपुरतं. दुखण्याच्या, झोपेच्या कडक गोळ्या नेणाऱ्यानं त्या वहीत सही करायची. ताई आधी चिठ्ठी वाचतात, मग आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळवतात. फोटो कुणाचाच जुळत नाही, ती गोष्ट वेगळी.

लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. ते सहीआधी ताठ उभे राहतात आणि खाली हुद्दाही लिहितात. भामाबाई मला खुरप्यासारखं धरतात आणि विचारतात, "बघ गं, वळलं का भामा?"

यशराज पहिल्यांदा आला तो मात्र वाऱ्यासारखा. चौथीनंतर शाळेकडे न फिरकलेला पोरगा. थोरला भाऊ जयराज शिरवळच्या कंपनीतून हाडांच्या कॅन्सरनं घरी आलेला, त्याच्या गोळ्या न्यायच्या होत्या. यशराजनं वहीत "जयराज" लिहिलं आणि हात पुढं केला.

"ही तुझी सही हाय?" ताईंनी विचारलं.

"दादाची. औषध दादाचं, मग सही बी दादाचीच की!"

"न्हेतोयस तू. तुझी कर."

"आवं ताई, सही केली की वस्तू नावावर व्हती. दादाच्या वस्तूला मी माझं नाव लावू व्हय?"

मागून लालासाहेब म्हणाले, "गड्या, गोळी हाय ती, सातबारा न्हवं!"

सगळे हसले आणि यशराज तापला. आधार कार्ड घरी राहिलेलं, दादाची दुपारची गोळी चुकलेली. त्यानं मला असा हिसडा दिला की नळीच तुटली. "मी काय चोर हाय? तिकडं माणूस वरडतंय!"

ताईंनी आवाज चढवला नाही. "मागं एक जण खोटा पुतण्या हून एका म्हातारीच्या गोळ्या घिऊन गेला. त्या म्हातारीनं रात-दिस तळमळून काढलं. तुझ्या दादाचं तसं हुयाला नगं." त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"जयराज, गोळ्या न्यायला कोण आलंय?"

पलीकडून दमलेला आवाज आला. "शर्टाची बटनं खालवर लावलेला, तुमच्यासंगं भांडत असंल. व्हय का?"

"व्हय."

"मग माझाच हाय. द्या."

सगळ्यांनी बटणं बघितली. यशराजनंही बघितली. खालवरच होती.

"सही मालकाची न्हाई रं," ताई म्हणाल्या. "कुणाच्या हातात दिलं, त्या हाताची." तेव्हा त्यानं हळूहळू स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी, पण त्याची.

मला नव्या गाठीनं परत बांधलं. पुढं दर सोमवारी यशराज यायचा, आधी आधार कार्ड आपटायचा, मग सही. लालासाहेबांना सांगायचा, "आज दादानं अर्धी भाकरी खाल्ली!"

परवा तो आला तेव्हा चिठ्ठी नव्हती. उरलेल्या गोळ्या त्यानं काउंटरवर ठेवल्या. "दादा गेला शुक्रवारी. घरात बारकी पोरं हायती, कुणाच्या हाताला लागाय नगंत."

ताईंनी पाकीट घेतलं, वहीत "परत आल्या" लिहिलं आणि वही त्याच्याकडं फिरवली. त्यानं सही केली, पण मला सोडलं नाही. माझं टोक कागदावर तसंच टेकलेलं.

मागचा माणूस म्हणाला, "आवरा की पावणं, माजी यस्टी सुटंल."

ताई एवढंच म्हणाल्या, "सुटू दे."

माझ्यातली शाई आता बोटभर उरली आहे. तेवढ्यात एक मागणं मागतो. मेडिकलात कुणी मला धरून नुसताच उभा दिसला, तर मागून घाई करू नका. तुमचीही सही होईल. जरा थांबा.