पाच मिनिटे पुढे

मी एक जुने पंचिंग घड्याळ आहे. मित्रांनो, माझी थोरवी अचूकपणात नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझी स्प्रिंग जरा जास्त ताठ होती, त्यामुळे मी रोज सेकंदभर पुढे पळत असे.

लष्करी वाहनांच्या दुरुस्ती कारखान्यात, फाटकाजवळच्या खोलीत मी पस्तीस वर्षे टांगलेले होते. कागद सारावा, दांडा दाबावा, वेळ उमटावी, एवढेच माझे काम. माझी काच सीलबंद होती. काटे सारखे करण्याचा अधिकार मुख्यालयाच्या कारागिराचा, आणि तो वर्षातून एकदा उगवे. म्हणून हजेरीच्या कारकूनबाई रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी मला आणि भांडारातल्या भिंतघड्याळाला ताडून पाहत आणि दोघांची चूक एका कार्डावर लिहीत. हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

"काय ताई, झाली नाडीपरीक्षा? पेशंट वाचेल ना?" एक ट्रकचालक रोज चिडवी.

"ठणठणीत आहे. नुसता घाईत असतो, तुमच्यासारखा."

लष्करात वीस वर्षे काढून तो चालक सेवामुक्त झाला. नियम असा होता, की सेवामुक्तीच्या कागदावर माझा शिक्का बसला, की त्या क्षणापासून माणूस नागरिक. त्याने दांडा दाबला. बारा वाजून दहा मिनिटे उमटली. तो वळला तोच मुख्य मेकॅनिकने हाक मारली, "अरे, जाता जाता तेवढा ट्रक मागे घे."

हाताची सवय, तो चढला. ट्रक मागे गेला तो थांबलाच नाही. भांडाराची भिंत पडली, भांडारपालाचा पाय मोडला आणि भिंतघड्याळ बंद पडले, बारा वाजून आठ मिनिटांवर.

गणित सरळ दिसत होते. अपघात आधी, शिक्का नंतर. म्हणजे तो अजून सैनिक, आणि खटला लष्करी न्यायालयात. तिथे दोषी ठरला, तर बडतर्फी आणि लष्करी कैद. मेकॅनिकने कानांवर हात ठेवले. नागरिकाच्या हाती ट्रक दिल्याचे कोण कबूल करणार?

चौकशीत कारकूनबाईंनी कार्ड पुढे ठेवले. त्या सकाळची नोंद होती: मी पाच मिनिटे पुढे, भिंतघड्याळ बिनचूक.

"म्हणजे शिक्का खरा बारा पाचचा," त्या म्हणाल्या. "अपघात तीन मिनिटांनी."

अधिकारी तडकले. "यंत्र चुकीचं, हे माहीत असून तुम्ही ते चालू ठेवलंत? नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय, साहेब. दुरुस्तीची तीन पत्रं पाठवलीत, त्यांच्या नकला सोबत आहेत."

"त्याला वाचवायचंय तुम्हाला?"

"त्याची चूक होती की नाही, हे मला ठाऊक नाही. ती कुठल्या न्यायालयाने तपासायची, एवढंच हे कार्ड सांगतं. घड्याळ मागे असतं, तर तेही लिहिलं असतं."

खटला नागरी न्यायालयात गेला. तिथे ट्रकचे ब्रेक उघडून पाहिले गेले. ते महिनाभर निकामी होते. चालक सुटला, मेकॅनिक अडकला. बाईंना मात्र लेखी ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला त्या कार्ड घेऊन हजर होत्या.

आता मी संग्रहालयाच्या दालनात काचेच्या पेटीत आहे. रोज पुसतात, चावी देतात. खाली पाटी आहे: 'अचूक वेळेचे यंत्र'. मित्रांनो, ती पाटी तेवढी काढा आणि तिथे बाईंचे एक कार्ड लावा. मी आजही चुकत असेन. किती, ते आता कोणीच मोजत नाही.