उकळणारा शनी

घड्याळजीच्या मनात पाल चुकचुकली ती दुर्बीण परत आली त्याच संध्याकाळी. साडूने लेकीला ग्रह दाखवायला ती आठवडाभर नेली होती आणि बंद गाडीतून आणून दिली होती. नेण्याआधी शनी कसा ठसठशीत दिसायचा; गोळा आणि कडं यांच्यामधली काळी फटसुद्धा. आता मात्र सगळ्यात मोठं दाखवणारं बारकं आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावलं, की शनी पातेल्यातल्या पाण्यासारखा उकळायचा. दुसरं, कमी ताकदीचं लावलं तर बरा दिसायचा. म्हणजे खोट त्या बारक्यातच.

आणि साडूचं दुकान कशाचं, तर जुन्या कॅमेऱ्यांचं. भिंगांची अदलाबदल म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

बायकोने ऐकून घेतलं आणि बजावलं, "मला एकच बहीण आहे. तिच्या नवऱ्याला चोर म्हणालात तर ती या घराची पायरी चढायची नाही. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नका."

मग घड्याळजी खात्रीच्या मागे लागला. एरवी व्हरांड्यात उभी असणारी दुर्बीण त्याने झोपायच्या खोलीतल्या कपाटात कोंडली आणि किल्ली खिशात टाकली. रोज दिवेलागणीला ती अंगणात आणायची, लगेच डोळा लावायचा, शनी उकळताना पाहून दात-ओठ खायचे आणि पुन्हा कपाट. घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायच्या भिंगातून त्याने आयपीस तपासलं. त्यावर एक ओरखडा नव्हता. इतकं स्वच्छ? मग नक्कीच बदललेलं! संशय एकदा डोक्यात शिरला, की स्वच्छ काचही पुरावा होते.

रविवारी संध्याकाळी साडू एकटाच चहाला आला. घड्याळजीने त्याच्यासमोर कपाट उघडून दुर्बीण अंगणात मांडली, शनीवर रोखली. साडूची नजर सारखी आयपीसकडे जात होती. सगळं ठीक आहे ना, असं त्याने दोनदा विचारलं. चोराच्या मनात चांदणं, घड्याळजी मनाशी म्हणाला. मग त्याने आडून आडून सुरुवात केली: दुर्बीण दुकानात नेली होती का, कोणी उघडली होती का, असलं आयपीस बाजारात सहज खपत असेल, नाही का?

साडूने कप खाली ठेवला.

"साडूभाऊ, मागे एका गिऱ्हाइकाने, तुम्ही आतले भाग बदलाल म्हणून, घड्याळ देताना मशीनवर रंगाचा ठिपका करून दिला होता. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात, ताईंनीच सांगितलं मला. मग मीही नेताना आयपीसवर ठिपका करून घ्यायला हवा होता का?"

घड्याळजी आणखीच चढ्या आवाजात बोलू लागला. साडूही ऐकेना. जुन्या लग्नातले मानपान निघाले. चहा निवला, बायकोने तो गरम करून आणला, पुन्हा निवला. शेवटी दोघंही भिंतीकडे तोंड करून बसले. कोणाचंच तोंड बघायला नको म्हणून बायको दुर्बिणीकडे वळली, एव्हाना आभाळात सरकून भिंगातून निसटलेला शनी बटण फिरवून मध्यावर आणला आणि बराच वेळ वाकून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हा तर गप्प बसलाय."

घड्याळजीने डोळा लावला. शनी, कडं, मधली काळी फट. सगळं स्वच्छ, जागच्या जागी. आयपीस तेच, बारकं.

साडूने दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला. ती आता गार पडली होती. कपाटात कधीपासून ठेवता, बाहेर आणल्यावर किती वेळाने बघता, असं त्याने विचारलं आणि मग लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. घरातली ऊब नळीत बसते. ती निघेपर्यंत आतली हवा हलत राहते, आणि जितकं मोठं करून पाहाल तितकं ते हलणं मोठं दिसतं. व्हरांड्यात दुर्बीण आपोआप बाहेरच्याइतकीच गार राहत होती.

म्हणजे पहिल्या दिवशी शनी तापलेल्या गाडीने उकळवला होता, आणि त्यानंतर रोज कुलपाने.

"चुकलं माझं," घड्याळजी म्हणाला. कपाटाची किल्ली त्याने बायकोच्या हातात दिली.

साडू घुटमळला. "एक मात्र खरंच बदललंय. आयपीसचं झाकण. मूळचं पोरीच्या हातून गटारात पडलं. दुकानातलं एक बसवून दिलं. सांगायचं राहून गेलं."

घड्याळजीने खिशातून झाकण काढलं. मूळचं काळं होतं. हे चक्क करडं. रोज ते काढून खिशात टाकत होता आणि रोज परत बसवत होता.

बायकोने पदराने तोंड झाकून घेतलं, पण हसू काही लपेना.

"बघा आता," घड्याळजीने साडूला पुढे केलं, "निसटायच्या आत."