तारा, की प्लेट?

जन्मभर परांचीवर चढूनही गवंडी कधी पडला नव्हता. पडला तो घरातल्या स्टुलावरून, तोही दिवा बदलताना. उजवं मनगट मोडलं. ज्या हातानं लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, तोच हात झोळीत आला.

"आजवर बाबांनी दुसऱ्यांच्या घरांना प्लास्टर केलं, आता त्यांनाच करा," लेक डॉक्टरबाईंना म्हणाली. गवंड्याला हसू आलं. बायको वारल्यापासून पहिल्यांदाच.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "काका, हाड सरकलंय. जागेवर बसवून धरून ठेवायला हवं. एक तर कातडीतून तारा घालू. चिरावं लागत नाही, पण टोकं बाहेर राहतात आणि महिना-दीड महिना प्लास्टर. नाहीतर मनगट उघडून आत प्लेट आणि स्क्रू. त्यात बाहेर काही राहत नाही, हात लवकर हलवता येतो, आपलं आपल्याला करता येतं."

"थापी कशानं धरता येईल?" त्याला एवढंच हवं होतं.

"दोन्हींनी. वर्षभरानं फारसा फरक उरत नाही. जो काही फरक आहे तो सुरुवातीलाच."

"मग ताराच बऱ्या. उगाच चिरायचं कशाला?"

"चालेल. पण टोकांपाशी पू होता कामा नये. ती साफ करायची, बँडेज बदलायचं. एका हातानं जमणार नाही. घरी कोण करेल?"

"हिची आई आहे की," गवंडी म्हणाला. "तिचा हात हलका आहे."

डॉक्टरबाई लिहायला लागल्या. लेकीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. काय झालं, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं. बायकोला स्मशानात पोचवून हाच तर परत आला होता, आपल्या पायांनी.

"डॉक्टर, थांबा," लेक कशीबशी म्हणाली. "आई... आई नाहीये. मी येईन रोज."

"दोन बस बदलून? पोरांना कोण बघेल?" गवंडी म्हणाला.

"बघेल त्यांचा बाप!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, घरी कोण असतं?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोणी नाही," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. मग लेकीकडे बघून पुन्हा म्हणाला, "घरी कोणी नाही. प्लेटच घाला, बाई. अंघोळ माझी मलाच करायचीय."