पाचला दहा कमी

सभागृहाची देखभाल करणाऱ्याला सगळे मामा म्हणत. खुर्च्या, पाण्याचे पेले, माइक आणि भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यांच्याकडे. एकमेकांना पाण्यात पाहणारे देश सत्तावीस वर्षं त्यांनी त्याच लांबलचक टेबलाशी बसलेले पाहिले होते. कोण खरंच उठून जाणार आणि कोण नुसतं नाटक करणार, हे ते पेला सरकवण्यावरून ओळखत. बहुधा चुकत नसत.

त्या दिवशी मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. युद्धबंदी संध्याकाळी पाचला संपणार होती आणि वेढा पडलेल्या गावात त्यांची लेक अडकली होती, दीड वर्षाच्या नातीला घेऊन. मुदत वाढवायला दोन्ही बाजू तयार होत्या. घोडं अडलं होतं ते आधी सही कुणी करायची यावर. एवढे शिकलेले लोक, पण भांडण शाळकरी पोरांचं.

पाचला दहा कमी असताना बैठकीच्या अध्यक्षांनी खूण केली. मामांनी स्टुलावर चढून घड्याळातला सेल काढला. ही तिथली जुनी रीत. घड्याळ थांबलं की मुदत थांबते. मग सही कितीही उशिरा होवो, कागदावर ती वेळेतच पडते. सेल काढला आणि सही झाली नाही, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. शेवटची बस उभी आहे, चढू की तळघरातच राहू, असं ती विचारत होती.

"बिनधास्त चढ," मामा म्हणाले. "घड्याळ थांबवलंय. सही होईपर्यंत पाच वाजत नाहीत."

बाबांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. ती चढली.

आत गाडं पुढे सरकेना. मामा बाहेर पेले भरत राहिले. पुन्हा फोन वाजला. बस नाक्यावर अडवली होती.

"बाबा, यांना सांगा ना तुमच्या घड्याळाचं," असं म्हणून तिनं फोन सैनिकाच्या हातात दिला.

मामांनी जीव तोडून समजावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, माझ्या घड्याळात सव्वापाच झालेत," तो म्हणाला.

मागे नात रडत होती. मग फोन बंद पडला.

मामा धावत आत गेले. अध्यक्षांसमोर कधी तोंड न उघडणारा माणूस त्यांच्या कानाशी वाकून गयावया करू लागला. अध्यक्ष हळहळले. सही होताच सगळं मार्गी लागेल, म्हणाले. सातला दोन्ही बाजूंनी एकदमच सह्या केल्या. युद्धबंदी एका मिनिटासाठीही खंडित झालेली नाही, असं निवेदन वाचलं गेलं आणि टाळ्या पडल्या.

लेकीचा फोन लागत नव्हता. नाक्यावरच्या बसचं काय झालं, असं मामांनी सचिवाला विचारलं. त्यानं कागद पुन्हा नीट वाचला.

"युद्धबंदी चालूच होती, मामा. काही झालं असणं शक्यच नाही."

मामांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुणावर? चढ म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.